पन्नास नोंदी नकोत, बारा पुरेत: एम.एस्सी.च्या फील्ड प्रोजेक्टबद्दल

कोकणातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या वर्गाला शिकवणाऱ्या एका सहकारी प्राध्यापकांचा प्रश्न आहे. दुसऱ्या सत्रातल्या फील्ड प्रोजेक्टसाठी त्यांना ३८ विद्यार्थ्यांकडून आयनॅचरलिस्टवर, म्हणजे लोक जिथे वनस्पती-प्राण्यांचे फोटो टाकतात आणि इतर जण त्यांना नावं लावतात त्या संकेतस्थळावर, प्रत्येकी ५० वनस्पतींच्या नोंदी करून घ्यायच्या आहेत. जितक्या नोंदी ‘रिसर्च ग्रेड’ होतील, म्हणजे इतरांच्या दुजोऱ्याने पक्क्या ठरतील, त्या प्रमाणात गुण. ही पद्धत योग्य आहे का, आणि आणखी काय काळजी घ्यावी, असं त्यांनी विचारलं आहे.

नोंदी जरूर करून घ्या. पण ५० नकोत, आणि रिसर्च ग्रेडवर गुण तर अजिबात नकोत. मी एकवीस वर्षं वनस्पतिवर्गीकरण शिकवतो आहे आणि गेली काही वर्षं रात्री जेवण झाल्यावर तासभर बसून सह्याद्रीतल्या नोंदींना नावं लावतो. असं काम विद्यार्थ्यांना देणाराही मीच आणि ते ज्याच्या अंगावर येऊन पडतं त्यांच्यातलाही मीच, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

आधी साधा हिशेब करा. ३८ गुणिले ५० म्हणजे १९०० नोंदी. एक नोंद उघडायची, फोटो मोठा करून पाहायचा, ठिकाण आणि तारीख बघायची, नाव लावायचं किंवा ‘यावरून सांगता येत नाही’ असं लिहायचं, याला घाईघाईत एक मिनिट धरलं तरी जवळजवळ ३२ तास होतात. एका क्रेडिटला आपण प्रात्यक्षिकाचे ३० तास मोजतो. म्हणजे तुमच्या वर्गासाठी कुणीतरी एका क्रेडिटपेक्षा जास्त काम फुकट करणार. हे ‘कुणीतरी’ कोण असतात? निवृत्त वनाधिकारी असतात, दिवसभर बँकेत बसून संध्याकाळी गवतांचा अभ्यास करणारे असतात, एकाच प्रजातीवर आयुष्य घालवलेले परदेशातले अभ्यासक असतात, आणि स्वतःचा प्रबंध रखडलेला असूनही दुसऱ्याला उत्तर देणारी पीएच.डी.ची मुलं असतात. त्यांना कुणी पगार देत नाही. आपल्या विद्यार्थ्यांना या माणसांच्या सहवासात नेऊन बसवायचं, हाच या कामाचा खरा फायदा आहे. त्यांना नोंदींच्या ढिगाखाली गाडलं, तर तो फायदाच हातचा जातो.

माझ्या पहिल्या तुकडीला मीही हेच केलं होतं. ५० नोंदी आणि रिसर्च ग्रेडला गुण. पहिला महिना कुणी काही केलं नाही. सबमिशनच्या आधीच्या शनिवार-रविवारी सगळं एकदम आलं. कॉलेजच्या आवारातला गुलमोहर सतरा वेळा, कुंडीतली तुळस, जास्वंद, मोगरा, वसतिगृहाच्या मागची केळ. आणि रविवारी रात्रीपर्यंत त्यातल्या बऱ्याच नोंदी रिसर्च ग्रेडही झाल्या होत्या. कारण पोरांनी वर्गाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर लिंका टाकून एकमेकांच्या नोंदींवर ‘अ‍ॅग्री’ दाबून घेतलं होतं. सोमवारी एका अनुभवी अभ्यासकाचा मला निरोप आला. रागाचा शब्द नव्हता त्यात. ‘मुलं उत्साही दिसतात, पण चुका दुरुस्त करायला मला दोन आठवडे लागतील,’ एवढंच लिहिलं होतं. मला फार लाज वाटली. मुलांची चूक नव्हती. मी ज्याला गुण ठेवले होते, ते त्यांनी करून दाखवलं होतं.

रिसर्च ग्रेड म्हणजे नेमकं काय, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला समजावून सांगा. नोंदीला फोटो किंवा आवाज हवा, तारीख आणि ठिकाण हवं, ती वनस्पती किंवा प्राणी माणसाने लावलेला किंवा पाळलेला नसावा, आणि ओळख देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त जणांचं जातीच्या पातळीवर एकमत हवं. एकमत व्हायला किमान दोन मतं लागतात. म्हणजे विद्यार्थ्याने चुकीचं नाव लावलं आणि एका मित्राने डोळे झाकून दुजोरा दिला की काम झालं. तीन मित्रांनी मिळून चूक केली, तर नंतर आलेल्या एकट्या तज्ज्ञाच्या मताने ती सुटत नाही, कारण तीन विरुद्ध एक म्हणजे अजूनही ७५ टक्के. योग्य परवाना असलेल्या अशा नोंदी पुढे जीबिफच्या जागतिक माहितीसाठ्यात जातात, तिथून संशोधक त्या उचलतात आणि कुठली वनस्पती कुठे वाढते याचे नकाशे करतात. तुमच्या तालुक्यात कधीच न वाढलेलं झाड त्या नकाशावर ठिपका होऊन बसतं.

असं आपल्याकडे पूर्वी मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहून घेण्याचा प्रायोगिक उपक्रम सुरू केला होता. हेतू चांगला होता. पण विद्यार्थी शेकड्यांनी आले, पुस्तकांतला आणि संकेतस्थळांवरचा मजकूर जसाच्या तसा चिकटवला गेला, आणि तो शोधून काढण्याचं काम स्वयंसेवक संपादकांवर पडलं. त्याच वर्षी तो उपक्रम थांबवावा लागला. त्या अनुभवातून मी एकच गोष्ट घेतली. विद्यार्थी किती उतरवायचे, हे त्यांच्याकडे लक्ष देऊ शकणारी माणसं किती आहेत त्यावर ठरवायचं. प्रवेशसंख्येवर नाही.

आता तुमच्या कामाची आखणी. महाराष्ट्रात २०२३-२४ पासूनच्या नव्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट दुसऱ्या सत्रात येतो, ४ क्रेडिटचा. दुसरं सत्र म्हणजे जानेवारी ते मे. कोकणातल्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या पठारांवरची, फुलं तोपर्यंत कधीच वाळून गेलेली असतात. जुलै-ऑगस्टमध्ये सडा निळा-पिवळा होतो, तेव्हा मुलं पहिल्या सत्राच्या थिअरीत अडकलेली असतात. ही गैरसोय आहे, पण तिचा उपयोग करून घेता येतो. या काळात झाडांवर काम द्या. फेब्रुवारीत पांगारा, पळस आणि काटेसावर, मार्चमध्ये सुरंगी आणि अंजनी, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि कुडा. झाड जागचं हलत नाही, पुन्हा पुन्हा जाता येतं, आणि पुन्हा जाणं हाच या कामाचा गाभा आहे.

पहिले तीन आठवडे एकाही विद्यार्थ्याला स्वतःची नोंद करू देऊ नका. आयनॅचरलिस्टवर हजारो फोटो कुठलंही नाव न लावता पडून असतात. लोकांना ते झाड आहे एवढंच माहीत असतं. तुमच्या एम.एस्सी.च्या मुलांना कुळं ओळखता येतात, निदान यायला हवीत. महाराष्ट्रातल्या अशा बेवारस नोंदी उघडायच्या आणि कुळापर्यंत नेऊन सोडायच्या: हे शेंगवर्गीय, हे भेंडीच्या कुळातलं, हे गवत. जातीचं नाव लावायचं नाही. कुळ कळलं की त्या कुळाचा जाणकार ती नोंद शोधू शकतो, म्हणून या कामाचा खरोखर उपयोग होतो. शिवाय मुलांना दुसऱ्यांचे वाईट फोटो बघायला मिळतात. हलकी शाई लागलेल्या झेरॉक्ससारखा धूसर फोटो पंधराव्यांदा समोर आला, की आपण कसा फोटो काढायचा नाही हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मग प्रत्येकी १२ नोंदी. लागवडीच्या झाडाची एकही नाही. इथे मुलांचा एक गोंधळ हमखास होतो, तो आधीच दूर करा. रानटी म्हणजे देशी नव्हे. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत ही बाहेरून आलेली आहेत, पण आपली आपण वाढतात, म्हणून त्यांची नोंद चालते. परसात लावलेला सोनचाफा देशी असला तरी तो लावलेला आहे, आणि तसं चिन्हांकित न करता टाकला तर ती चुकीची नोंद ठरते.

प्रत्येक नोंदीला किमान चार फोटो. पूर्ण झाड, पानांची मांडणी दिसेल अशी फांदी, फूल समोरून आणि बाजूने, फळ किंवा खोड. आणि फोटोसोबत एक परिच्छेद: मी ही ओळख कशावरून केली. हा परिच्छेद विद्यार्थ्याने स्वतः, झाडाखाली उभं राहून टिपलेल्या लक्षणांवरून लिहायचा. अ‍ॅप जे नाव सुचवतं ते पुरावा म्हणून चालणार नाही, हे स्पष्ट सांगा. अ‍ॅप फोटोंच्या साम्यावरून आणि आसपासच्या नोंदींवरून अंदाज करतं. त्याने पुंकेसर मोजलेले नसतात.

माझ्या एका विद्यार्थिनीची नोंद सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचं आहे ते कळेल. एप्रिलच्या शेवटी तिने पाण्याच्या टाकीमागच्या एका लहान झाडाची नोंद केली. पांढरी फुलं, समोरासमोर पानं, पान तोडलं की दुधासारखा चीक. अ‍ॅपने सुचवलं, तिने मान्य केलं: पांढरा कुडा. दोन दिवसांनी एका अनोळखी जाणकाराने खाली एकच ओळ लिहिली: फुलाच्या तोंडाचा जवळून फोटो मिळेल का? माझ्या त्या पहिल्या तुकडीतली मुलं असती तर दुर्लक्ष केलं असतं. ही दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन परत गेली. फुलाच्या तोंडाशी बारीक पांढऱ्या धाग्यांची झालर होती आणि मधून परागकोशांचा सुळका बाहेर आलेला होता. पांढऱ्या कुड्यात असं काही नसतं. तिथे नळीचं तोंड मोकळं दिसतं आणि पुंकेसर आत खोल दडलेले असतात. मग तिने फांद्या पाहिल्या. काही जोडशेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या होत्या. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा लांब, बारीक आणि टोकापर्यंत सुट्या असतात. दोन दिवस वहीत दाबून ठेवलेलं पानही काळपट-निळसर पडलं होतं. याच झाडाच्या पानांपासून पूर्वी दक्षिणेत नीळ काढत. तिने स्वतःची ओळख मागे घेतली, काळा कुडा लिहिलं आणि खाली चार ओळींत कारणं दिली. तिची आजी त्याला गोडा इंद्रजव म्हणायची आणि दुसऱ्याला कडू इंद्रजव, हेही तिने लिहिलं. आजीला फरक माहीत होता. आपण तो कुकच्या फ्लोरातल्या, म्हणजे वनस्पतींच्या जुन्या वर्णनग्रंथातल्या, ओळखीच्या किल्लीत शोधत बसतो.

त्या नोंदीला मी त्या वर्षातले सर्वांत जास्त गुण दिले. पहिली ओळख चुकली होती, तरीही. खरं तर ती चुकली आणि दुरुस्त झाली म्हणूनच. माझी गुणांची विभागणी आता ५० पैकी अशी असते. फोटो आणि ठिकाण-तारखेच्या अचूकतेला १०. ओळखीच्या कारणमीमांसेला १५. दुसऱ्याने विचारलेल्या शंकेला उत्तर देणं, पुन्हा जाऊन फोटो आणणं, स्वतःचं मत बदलणं किंवा पुराव्यानिशी त्यावर ठाम राहणं, याला १०. इतरांच्या नोंदी कुळापर्यंत नेण्याला ५. उरलेले १० जर्नल आणि तोंडी परीक्षेला, आणि तोंडी परीक्षा झाडाखाली घ्यायची. नोंद रिसर्च ग्रेड झाली की नाही, हे मी पाहतसुद्धा नाही. कुणाच्या नोंदीवर कोणीच काही लिहिलं नाही तर त्याचे ते १० गुण बुडू नयेत, म्हणून वर्गमित्राने जर्नलमध्ये लेखी शंका काढायची आणि ह्याने उत्तर द्यायचं, अशी सोय ठेवा. संकेतस्थळावर मात्र वर्गमित्राच्या नोंदीला दुजोरा देण्यास सक्त मनाई. स्वतः जाऊन झाड पाहिलं असेल तरच, आणि तेही कारण लिहून.

सगळ्यांच्या सबमिशनची एकच तारीख ठेवू नका. दर पंधरवड्याला तीन नोंदी, आणि वर्गाचे चार गट करून त्यांचे दिवस वेगवेगळे. ४५६ नोंदी दोन महिन्यांत पसरल्या की जाणकारांना त्या जाणवतही नाहीत. प्रत्येकाच्या प्रोफाइलवर दोन ओळी असू द्या: ही नोंद अभ्यासक्रमाचा भाग आहे, शिक्षकाचं खातं हे. तुमचं खातं आधीपासून चालू असायला हवं. तुम्ही स्वतः तिथे शंभर तरी नोंदी केलेल्या आणि शंभर ओळखी दिलेल्या असल्याशिवाय हे काम वर्गाला देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोनच्या बाबतीत एक अडचण दरवर्षी येते. चांगला कॅमेरा दोघातिघांकडेच असतो, ते फोटो काढतात आणि व्हॉट्सॅपवर बाकीच्यांना पाठवतात. व्हॉट्सॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातली तारीख आणि ठिकाण गळून जातं. मग मुलं अंदाजाने नकाशावर बोट ठेवतात, आणि सड्यावरचं झाड खाडीत उगवतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्याने पाहिलेलं झाड ही तुमची नोंद नव्हे. ज्याच्याकडे बरा फोन नाही त्याला विभागाचा कॅमेरा द्या. रानात रेंज नसली तरी फोनचं जीपीएस चालतं. फोटो तिथे काढायचे, नोंद नंतर कॉलेजच्या वायफायवर करायची.

सुरक्षेचं मी पालकाच्या जबाबदारीने सांगतो. खात्याच्या नावात पूर्ण नाव, रोल नंबर, मोबाइल काहीही नको. घराजवळच्या किंवा वसतिगृहाजवळच्या नोंदीचं ठिकाण झाकून ठेवायची सोय आहे, ती मुलींना तर आवर्जून दाखवा. रोज सकाळी त्याच वाटेवर केलेल्या दहा नोंदींवरून कुणालाही तिचा येण्याजाण्याचा रस्ता कळतो. एखाद्याला सार्वजनिक खातं नकोच असेल, तर त्याला कारण विचारू नका. त्याने तेच काम हर्बेरियम शीट (वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना) आणि जर्नलवर करावं, गुण तेवढेच.

वनस्पतींच्या सुरक्षेचंही तसंच. संकटग्रस्त म्हणून यादीत असलेल्या जातींचं ठिकाण आयनॅचरलिस्ट आपोआप धूसर करतं. खरी जागा सुमारे वीस-बावीस किलोमीटर बाजूच्या चौकोनात कुठेतरी एवढंच इतरांना दिसतं. पण ओळख चुकीची किंवा अर्धवट असेल तर हे झाकण बसत नाही. कंदीलपुष्पाचे कंद खणून नेणारे लोक आहेत. शिंदळ माकुडीसारखी फक्त महाराष्ट्रातल्या मोजक्या कड्यांवर उरलेली वनस्पती दिसली, तर ठिकाण हाताने झाकायचं, वर्णनात गडाचं नाव लिहायचं नाही, आणि नोंद करण्याआधी शिक्षकाला दाखवायची.

स्थानिक नावांबद्दल. आयनॅचरलिस्टवर जातीला मराठी नाव जोडता येतं आणि ही मुलांना फार आवडणारी गोष्ट आहे. खेड्यातून आलेली, वर्गात गप्प बसणारी मुलं इथे पुढे येतात, कारण नावं त्यांच्या घरी आहेत. पण आधी ती वहीत लिहून घ्या: नाव, गाव, तालुका, कुणी सांगितलं. रानतुळस या एका नावाने किती वेगवेगळी झुडपं ओळखली जातात ते पाहाल तर थक्क व्हाल. दोन-तीन गावांतून एकच नाव एकाच झाडासाठी आलं, आणि ते झाड तुम्ही स्वतः पाहिलं, तरच ते जगाच्या यादीत घाला. टिपणं मराठीत लिहिली तरी हरकत नाही, फक्त एखादी ओळ सोप्या इंग्रजीत असू द्या, म्हणजे परदेशातला अभ्यासकही उत्तर देऊ शकेल.

तुमच्या प्राणिशास्त्र विभागाला असंच काही करायचं असेल तर ई-बर्ड हे पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ त्यांच्यासाठी बरं. दर फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या पक्षिगणनेचे चार दिवस असतात, भारतातली महाविद्यालयं त्यात कॅम्पस बर्ड काउंट म्हणून भाग घेतात. तिथे एक नियम पाळला तरी पुरतो. पंधरा मिनिटं उभं राहायचं, ओळखलेला प्रत्येक पक्षी लिहायचा आणि न ओळखलेल्याचं नाव रेटून लिहायचं नाही.

तुमच्या विद्यार्थ्यांना हेही सांगा की आयनॅचरलिस्टची सुरुवातच एका विद्यार्थी प्रकल्पातून झाली. २००८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्कूल ऑफ इन्फर्मेशनमध्ये तीन विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर पदवीचा अंतिम प्रकल्प म्हणून ते बांधलं. आपल्या मुलांना ‘प्रोजेक्ट’ म्हटलं की स्पायरल बाइंडिंग आठवतं, म्हणून हे मी दरवर्षी सांगतो.

शेवटची सूचना निकालानंतरची. गुण लागले की काही मुलं खातं काढून टाकतात. खातं काढलं की त्यांच्या नोंदी जातात आणि त्या नोंदींवर लोकांनी रात्री जागून लिहिलेलंही त्यांच्याबरोबर जातं. म्हणून सत्राच्या शेवटी वर्गाच्या सगळ्या नोंदींची फाइल विभागात उतरवून ठेवा आणि खाती तशीच राहू द्यायला सांगा. उत्तरं उशिरा येतात. त्या काळ्या कुड्याच्या नोंदीवर तिचा निकाल लागून दोन पावसाळे उलटल्यावर एकाने विचारलं होतं, की शेंगा फुटल्या तेव्हाचा फोटो आहे का. ती तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला होती. तिने मला फोन केला, आणि मी टाकीमागे जाऊन फोटो काढून आणला.